पुंगळीचा गळा

कसबा पेठेतल्या तांबट आळीत आमचं घर होतं. तांबं ठोकलं की ताठ होतं आणि भट्टीत तापवलं की नरमतं, हे मला पाढे पाठ होण्याआधीच ठाऊक होतं. घंगाळाच्या बुडावर हातोडा चालू असताना आवाज मध्येच चिरका झाला, की आजोबा हात आवरत आणि भांडं भट्टीकडे धाडत. 'आता मारलं तर चिरेल,' एवढंच म्हणत.

१९७९ साली मी पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो. शेजारी दुधाचा धंदा करणारे एक वयस्कर शेतकरी राहत. इकडे सगळे त्यांना नावाने हाक मारत, मी मात्र मनात त्यांना काकाच म्हणायचो. त्यांच्या कुरणात ग्राउंडहॉग बिळं पाडत. दिसायला घुशीसारखा, पण मांजराएवढा प्राणी. त्या बिळात गाईचा पाय गेला की मोडलाच म्हणून समजा. त्यासाठी काकांकडे .२२ हॉर्नेटची रायफल होती. हॉर्नेट हे १९३० साली विंचेस्टरने बाजारात आणलेलं छोटंसं काडतूस. कंपनीचं काडतूस विकत घेणं परवडायचं नाही, म्हणून हिवाळ्याच्या रात्री गोठ्यामागच्या खोलीत बसून ते उडालेल्या काडतुसांच्या त्याच पुंगळ्या पुन्हा भरत. पहिल्या रात्री मी नुसता बघायला गेलो आणि पुढची अकरा वर्षं जात राहिलो.

पुंगळी पितळेची, सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. बार उडाला की तिचा गळा फुगून नळीच्या चेंबरला जाऊन भिडतो. थोडा मागे येतो, पण पूर्ववत होत नाही. त्यात नवी गोळी ठेवली तर ती सरळ आत घरंगळते. म्हणून गळा पुन्हा आवळायचा. आतला व्यास गोळीपेक्षा एखाद-दुसरा थाउ कमी हवा, आणि थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्याहून ढिला राहिला तर गोळी हलते. फार आवळला तर गोळी बसवताना गळा चेपतो नाहीतर वाकडा होतो. हॉर्नेटच्या गळ्याची भिंत लग्नपत्रिकेच्या कागदापेक्षा पातळ असते, त्यामुळे हे काम आणखीच नाजूक.

पुंगळ्या हाताने भरायला काकांकडे विस्कॉन्सिनच्या ली कंपनीचा ली लोडर होता. पाचसहा तुकडे, कोटाच्या खिशात मावेल एवढीच पेटी. बुडातला जुना प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी टिकली, काढायचा, पुंगळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, उभी करायची आणि मोगरीने ठोकत आत न्यायची. ही डाय फक्त गळा आवळते, बाकी अंगाला हात लावत नाही. मी ठोकायला बसलो त्या पहिल्याच रात्री माझ्या हातून तीन पुंगळ्यांचे गळ्याखालचे खांदे चेपले. काकांनी माझा हात धरला आणि मोगरी अलगद सोडायला शिकवलं. पुंगळी पुरती बसली की ठोक्याचा आवाज भरीव होतो, हात तिथे थांबवायचा. आवाज ऐकून थांबणं मला नवं नव्हतं.

पाचसहा वेळा भरल्यावर गळा ताठ होतो. आवळला तरी उसळून मागे येतो, आणि एक दिवस उभा चिरतो. त्यावर काकांचा इलाज मेणबत्तीचा. बारूद आणि प्रायमर कपाटात कुलूपबंद झाल्याशिवाय काडी ओढली जात नसे. मग रिकामी पुंगळी बुडाशी चिमटीत धरायची, गळा ज्योतीत धरून ती बोटांत फिरवत राहायची. चटका असह्य झाला की ओल्या फडक्यावर टाकायची. ज्योत फक्त गळ्यावर, बुडाकडे कधीच नाही. बूड नरमलं तर बाराचा दाब पेलणार नाही. काजळी पुसली की गळ्यावर फिकट निळसर झाक दिसायची.

पितळेच्या या चिरण्याचा एक धागा आपल्याकडे येतो. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांत ठेवली जात आणि त्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, हवेतली ओल आणि घडवताना पितळात कोंडलेला ताण ही तिन्ही कारणं १९२१ साली इंग्रज संशोधकांनी उलगडून दाखवली. त्यावर उपायही तोच, पितळ तापवून ताण काढायचा. तांबट आळीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. अमोनिया असलेलं पॉलिश मी आजही पुंगळ्यांच्या जवळपास येऊ देत नाही.

आज माझा नातू हेच काम करतो. त्याच्या टेबलावर इंडक्शनचं यंत्र आहे. पुंगळी ठेवली की ठरलेल्या वेळात गळा नरम होतो, पहिली आणि शंभरावी अगदी सारखी. आमच्या वेळी ली लोडर सोडून इतर डायमधून पुंगळी परतताना लोखंडी गोटी गळ्यातून ओढली जाई आणि गळा वाकडा करून जाई. त्याच्या डायमध्ये एकेका थाउच्या फरकाच्या बुशा बदलता येतात. गळ्याची जाडी तो गोल टोकाच्या मायक्रोमीटरने मोजतो, वाकडेपणा डायल गेजवर बघतो. गोळी बसवताना किती जोर लागला तेही काट्यावर दिसतं. अचूकपणात तो माझ्या कितीतरी पुढे आहे. मी जन्मभर थाउ मोजले, म्हणून हे कबूल करताना मला आनंदच होतो.

आमचा एक सिद्धांतही गेला. अचूक नेम हवा तर फक्त गळाच आवळायचा, पुंगळीच्या अंगाला शिवायचं नाही, असं आम्ही मानत होतो. आता नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणारे बरेच जण पूर्ण पुंगळी आवळतात आणि खांदा फक्त एखाद-दोन थाउ मागे सारतात, म्हणजे रायफलचा बोल्ट अडत नाही. नातवाच्या .२२३ साठी मला हे पटलं. हॉर्नेटसाठी पटत नाही. तिचं पितळ पातळ, पूर्ण आवळलं की दर खेपेला ताणतं आणि बुडाजवळ तुटायला येतं. तिचा फक्त गळाच आवळावा, हे माझं ठाम मत.

एक गोष्ट मात्र मला बोचते. गळा आवळताना हाताला जो अडसर लागतो, त्यावरून काका शंभरातली ताठर पुंगळी डोळे मिटून वेगळी काढत. यंत्र सगळ्या सारख्या करतं, त्यामुळे ती वेगळी ओळखायची वेळच येत नाही आणि बोटं अडाणी राहतात. मागच्या हिवाळ्यात मी नातवाला जुना ली लोडर दिला. चौथ्या पुंगळीला तो थांबला आणि म्हणाला, 'आबा, हिचा आवाज वेगळा येतोय.' गेजवर लावली तर गळ्याला केसाएवढी चीर होती.

ज्यांच्या घरी हे काम रीतसर आणि कायद्याने चालतं, त्यांनी महिन्यातून दहा पुंगळ्या तरी हाताने आवळाव्यात. भारतात विनापरवाना काडतूस भरणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या माझ्या भाच्यांनी इकडे अमेरिकेत आल्यावर माझ्या खोलीत यावं. काकांनी जाताना मला दिलेल्या ५० पुंगळ्यांपैकी २३ अजून चालू आहेत.