यवतेश्वराचा घाट आणि खिशातली साखर

सप्टेंबरात साताऱ्यास जाणार असाल, तर पहाटे जा. अजिंक्यताऱ्याचा माथा त्या वेळी ढगात असतो आणि रस्ते ओले असतात. समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वराच्या चढाला लागलात, की खाली धुक्यातून शहर हळूहळू उघडे होऊ लागते. हाच रस्ता पुढे कासच्या पठारावर जातो. पश्चिम घाटाचा भाग म्हणून हे पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. याच घाटात दरवर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते. सुमारे २१ किलोमीटरची ही धाव आहे. जाताना चढ आणि येताना उतार.

सवय नसताना साठीनंतर हे पूर्ण अंतर अंगावर घ्यावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु अशा सामुदायिक धावांबरोबर अनेक गावी तीन वा पाच किलोमीटरची चालही असते, आणि तिच्यात मधुमेह असलेली वडीलधारी मंडळी फार थोडी दिसतात. मधुमेहाचे निदान झाले, की घरातील माणसे गोड आधी बंद करतात आणि बाहेर पडणे त्यानंतर. वस्तुतः चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही रक्तातील साखर वापरू लागतात. ज्याला चालण्याची सर्वांत अधिक गरज, तोच काठावर उभा राहून टाळ्या वाजवतो, हे मला पटत नाही.

यवतेश्वराच्या वळणांवर उभे राहून याचा विचार करावा, कारण या घाटात साखरेचे वागणे नीट कळते. जोराच्या चढावर शरीर ताणाची संप्रेरके सोडते आणि काहींची साखर तात्पुरती वाढतेही. पुढे श्रम लांबत गेले, की ती उतरू लागते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला ही भीती सहसा नसते. इन्सुलिन टोचणाऱ्याची आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर मात्र ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, थंड घाम फुटतो, बोलणे विस्कळीत होते, शांत माणूस चिडचिड करू लागतो. धुक्यात, पावसाने आधीच भिजलेल्या अंगावर हा घाम दिसायचा कसा? पाहणाऱ्याला वाटते, आजोबा दमले आहेत, बसू द्या. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या हाती साखर पडायला हवी.

म्हणून वळणावरच्या प्रत्येक स्वयंसेवकाला एवढे शिकवलेले असावे : माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा तेवढाच ग्लुकोज द्यावा, पंधरा मिनिटे शेजारी बसावे, पुन्हा तपासावे, आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे शिकवायला अर्धा तास पुरतो. पदके किती मोठी करावीत, या चर्चेला त्याहून अधिक वेळ जातो.

पाण्याच्या टेबलावर बहुधा गोड पेय, केळी आणि चिक्की असते. ते असावेच, पण शेजारी साधे पाणी असावे, आणि कशात साखर आहे हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. चिक्की खाल्लेल्या बोटाने साखर तपासली तर यंत्र खोटा, चढा आकडा दाखवते. तेव्हा हात धुण्यापुरते पाणी आणि कोरडा रुमाल तपासणीच्या जागी हवाच. छातीवरील क्रमांकाच्या मागे आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी लिहिण्याची सोय असावी. तो मजकूर पुढच्या बाजूस मिरवण्याची सक्ती मात्र कोणावर नसावी. आणि शेवटचा चालणारा येईपर्यंत टेबले उचलली जाऊ नयेत. अनेक ठिकाणी ती आधीच उचलली जातात, आणि ज्याला पाणी सर्वाधिक हवे असते त्याच्या वाट्याला रिकामे पेले येतात.

नाव नोंदवण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्याच. दीर्घकाळच्या मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही असू शकतो. डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना याही तपासून घ्या. निघण्याच्या सकाळी साखर ९० च्या खाली असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर आधी काही खाल्ल्याशिवाय निघू नका. २५० च्या वर असून अंग बरे वाटत नसेल, तर त्या दिवशी काठावरच थांबा. चालण्याआधीचे इन्सुलिन मांडीत टोचू नका, तेथून ते लवकर शोषले जाते. त्या दिवशीची मात्रा किती, हे मात्र तुमचे डॉक्टरच सांगतील.

घाटाची खरी कसोटी उतरताना. प्रत्येक पावलागणिक बोटे बुटाच्या टोकावर आपटतात, ओला मोजा टाचेला घासतो, आणि पायाची संवेदना मंदावलेल्या माणसाला फोड आल्याचे कळतही नाही. तुम्ही सोबतीला गेला असाल, तर कोरड्या मोज्यांचा जोड पिशवीत ठेवा. परतल्यावर बूट उतरवून तळवे आणि बोटांमधल्या जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ‘दुखत नाही’ या उत्तरावर विसंबू नका.

मग कंदी पेढ्यांचा प्रश्न येतो. साताऱ्याहून ते न घेता परतणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. साखर तपासून, जेवणाच्या हिशोबात धरून एखादा खाल्ला तर काही आकाश कोसळत नाही. मात्र साखर उतरलेली असताना उपाय म्हणून पेढा देऊ नका. खव्यातील स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. त्यासाठी खिशात ग्लुकोजची पुडीच हवी. रात्री झोपण्यापूर्वी आणखी एकदा साखर तपासा, कारण सकाळच्या चढाने रिकामे झालेले स्नायू रात्री उशिरापर्यंत रक्तातील साखर ओढून घेत राहतात. इन्सुलिन घेणाऱ्याच्या उशाशी ती पुडी आणि पाण्याचा तांब्या ठेवूनच दिवा मालवा.