मांडीवरचा राजा

नसरापुराहून वेल्ह्याकडे जाताना विंझर लागते. राजगड आणि तोरणा यांचा हा मुलूख. येथे आलेल्या मनुष्यास शिवाजीमहाराजांवाचून दुसरे कोणी आठवू नये, हे साहजिकच आहे. परंतु आम्हास तेथे एका भलत्याच राजाची आठवण झाली. या डोंगरांशी त्याचे काही नाते नव्हते, आणि त्याचे वयही राज्य करण्याचे नव्हते. तो म्हणजे शहाजीराजांनी गादीवर बसविलेला मूर्तजा निजामशहा.

१६३३ च्या जूनमध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले. तेथला हुसेन निजामशहा, तोही अल्पवयीनच, ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत गेला. निजामशाही बुडाली असे मोगलांनी धरले. शहाजीराजांनी ते मानले नाही. त्याच वंशातील दुसरे एक मूल त्यांनी संगमनेराजवळ पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसविले, आणि त्याच्या नावाने सुमारे तीन वर्षे कारभार व लढाई चालविली. त्या मुलास मांडीवर घेऊन राजे सिंहासनावर बसत, असे सांगतात.

बादशहाशी तीन वर्षे झुंजणाऱ्या या पुरुषास स्वतःच्या नावाने उभे राहता आले नसते काय? आमच्या मते नसते. किल्लेदार किल्ला देतो तो नावास, आणि शेजारचे दरबार मदत धाडतात तीही नावासच. तलवार शहाजीराजांची खरी, पण शिक्का त्या मुलाचा हवा होता.

दूरच्या इंग्लंडातही असेच घडले होते. सहावा हेन्री नऊ महिन्यांचा असता १४२२ साली राजा झाला, आणि दोन महिने लोटतात न लोटतात तोच, आजोबा वारल्यामुळे, तहाच्या आधारे फ्रान्सच्या गादीचाही धनी ठरला. तेथे सातवा चार्ल्स हक्क सांगत होताच. १४३१ मध्ये पॅरिसात दहा वर्षांच्या हेन्रीच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यात आला. १४३६ मध्ये पॅरिसच गेले. तथापि हेन्रीस परतावयास स्वतःचा देश होता. मूर्तजाच्या पाठीशी शहाजीराजांवाचून काय होते?

१६३६ मध्ये शहाजहान स्वतः दक्षिणेत आला आणि विजापूरकरांनी त्याच्याशी तह केला. जे काल साह्य करीत होते त्यांचाच सरदार रणदुल्लाखान मोगलांबरोबर माहुलीस वेढा घालून बसला. शेवटी किल्ला गेला, मूल मोगलांच्या स्वाधीन करण्यात आले, आणि शहाजीराजे आदिलशाही चाकरीत शिरले. आपल्या पुस्तकांत पुढे राजांच्या जहागिरीची हकीकत येते; त्या मुलाचे प्रकरण एका वाक्यात मिटते. दुसरा मार्ग उरला नव्हता हे आम्ही जाणतो. तरी राजांचा एक मुलगा त्या साली सहा वर्षांचा होता, हे मनातून जात नाही. परक्याचे मूल शत्रूच्या हाती देताना त्या बापास काय वाटले असेल?

हाच मुलगा मोठा झाला तेव्हा त्याने मांडीवर घ्यावयास कोणाचे मूल शोधले नाही. रांझे गावच्या पाटलास शिक्षा दिल्याचे १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. रांझे विंझरपासून फार दूर नाही. त्या पत्रावरील मुद्रेत निजामशहा नाही, आदिलशहाही नाही. शहाजीचा पुत्र शिवाजी, एवढेच आहे.