वेस्टकापेलचा दिवा आणि खारी शेते

दीपस्तंभ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रातला एकाकी खडक येतो. हॉलंडच्या झीलंड प्रांतात वेस्टकापेल गावी मात्र दिवा बसवला आहे तो चक्क चर्चच्या विटांच्या मनोऱ्यावर. मनोरा १४५८ ते १४७० च्या दरम्यानचा. १८१८ साली त्याच्या माथ्यावर जहाजांसाठी दिवा आला. १८३१ मध्ये चर्च जळाले, मनोरा तेवढा उरला. माथ्यावर जायला दोनशेवर पायऱ्या आहेत. मोंद्रियानसारख्या थोर चित्रकाराने त्याची चित्रे काढली. माझी आणि त्याची ओळख झाली ती मात्र खाऱ्या जमिनींबद्दल वाचताना.

हे गाव समुद्राच्या बांधाला टेकून आहे. आतली पुष्कळ जमीन भरतीच्या पातळीखाली. ३ ऑक्टोबर १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकून हा बांध फोडला. जर्मन तोफांची कोंडी करून अँटवर्प बंदराची वाट मोकळी करायची होती. म्हणजे बांध फोडला तो सोडवायला आलेल्यांनीच! गावातली दीडशेहून अधिक माणसे त्यात गेली. समुद्र सुमारे वर्षभर शेतांतून आत-बाहेर करीत राहिला. झाडे उभ्या उभ्या वाळली. मनोरा तेवढा उभा होता.

बांध पुन्हा घातला गेला, पण शेतकऱ्याचे खरे काम तिथून पुढे. मीठ पावसाने धुऊन जाते, हे खरे. पण त्यातला सोडियम चिकणमातीला धरून बसतो. मग माती ओली असता लोण्यासारखी, वाळली की दगड. आपल्याकडे हिलाच चोपण म्हणतात. सांगली-कोल्हापूरच्या ऊसवाल्यांना ते वेगळे सांगायला नको. तिथेही उपाय तोच झाला. ओलीत औत घालायचे नाही, आणि जिप्सम टाकायचे. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हुसकावते आणि तो निचऱ्याच्या पाण्याबरोबर चरातून निघून जातो. चर नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यात, हे मी बांधावर उभा राहून किती वेळा सांगितले असेल! पीकही सोशिक हवे. सातू तग धरतो, घेवडा लगेच माना टाकतो.

१ फेब्रुवारी १९५३ च्या तुफानात झीलंडचे बांध पुन्हा फुटले. देशभरात १,८३६ माणसे दगावली आणि मोठे क्षेत्र पुन्हा खारे झाले. तेव्हा मातीचे काय करायचे, हे मात्र लोकांना ठाऊक होते.

आज वेस्टकापेलच्या आतल्या बाजूला पुन्हा हिरवी शेते आहेत. बांध फुटला तिथे समुद्राने उकरलेले तळे तेवढे अजून आहे.