तीन घरं, एक चूल

आर्नहेम, रविवार. पावसाची पिरपिर चालूच आहे, खालून ट्रॉलीबस गेली. 2014 पासून ‘बिटकॉइन सिटी’ म्हणून मिरवणाऱ्या या गावात मी आज पोल्काडॉट या ब्लॉकचेनचा कोड चाळत बसलोय.

2023 च्या ऑगस्टमध्ये सबस्ट्रेट, पोल्काडॉट आणि क्युम्युलस या तीन रिपॉझिटरी ‘पोल्काडॉट-एसडीके’ या एकाच रिपॉझिटरीत आल्या. त्याआधीचा छळ आठवतो. सबस्ट्रेटमधल्या एखाद्या फंक्शनला एक पॅरामीटर वाढवला, की पोल्काडॉट मोडायचं. मग तिथे जोडीची पुल रिक्वेस्ट, क्युम्युलसला आणखी एक, आणि तिन्हींचा मुहूर्त जुळेपर्यंत मूळ बदल शिळा! आता सगळं एकाच कमिटमध्ये बसतं. जुना इतिहासही शाबूत. कोणती ओळ कुणी लिहिली ते ‘गिट ब्लेम’ अजून चोख सांगतं.

अर्थात, डिस्क भरते आणि रस्टचं कंपाइल होईस्तोवर चहा गार होतो. चालायचंच.

पोल्काडॉट आणि तिची बहीण-साखळी कुसामा यांचे प्रत्यक्ष चालणारे रनटाइम, म्हणजे साखळीचे नियम, मात्र टेक्निकल फेलोशिप या विकसकांच्या गटाच्या वेगळ्या रिपॉझिटरीत ठेवलेत. हे मला विलीनीकरणापेक्षाही शहाणपणाचं वाटतं. साखळीचे नियम कुण्या एका कंपनीच्या अंगणात नकोतच.