दहावे नाव

लोणी काळभोरच्या माणसाला फुटबॉलचे वेड असावे, हे आमच्या शेजाऱ्यांना अद्याप पटलेले नाही. गावाची ओळख अगदी निराळी. पुणे-सोलापूर रस्त्यालगत तेलकंपन्यांच्या डेपोंबाहेर उभी असलेली टँकरची रांग, थेऊरच्या चिंतामणीला निघालेले भाविक, मुळा-मुठेच्या काठचे उसाचे मळे आणि अलीकडच्या काळात राजबागेत उभे राहिलेले विद्यापीठ. खेळ म्हणाल तर जुन्यांना कुस्ती आणि नव्यांना क्रिकेट. माझ्याबरोबर फुटबॉल आला तो नगर जिल्ह्यातील बोर्डिंगमधून. शिक्षकाची नोकरी लागली, १९८८ साली लोणीत बिऱ्हाड केले, आणि रेल्वेच्या रुळांपलीकडच्या माळावर चार पोरे जमवून मी चेंडू लाथाडू लागलो. त्या पोरांत माझा मुलगाही होता. आज तो एका वाहतूकदाराच्या कचेरीत टँकरच्या नोंदी ठेवतो.

बाप आणि मोठा झालेला मुलगा यांच्यात बोलण्याचे विषय हळूहळू आटत जातात. पगार, प्रकृती, घराची गळती. यापुढे गाडी सरकत नाही. आमच्या घरी ही कोंडी फुटली ती २०१४ साली. इंडियन सुपर लीग सुरू होणार होती आणि पुण्याचा स्वतंत्र संघ, एफसी पुणे सिटी, उभा राहत होता. कोणत्या संघाने कोणते भारतीय खेळाडू घ्यायचे याचा निवाडा करण्यासाठी जुलै महिन्यात मुंबईत ‘ड्राफ्ट’ भरला. त्याच्या आदल्या रात्री मुलगा म्हणाला, “बाबा, आपला संघ कोणाला घेईल ते लिहून ठेवू या. तुमची दहा नावे, माझी दहा नावे. बघू कोणाची जास्त बरोबर येतात.”

ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे. लिलावात पैशाची बोली चढते. ड्राफ्टमध्ये खेळाडूची किंमत आधीच ठरलेली असते आणि संघ क्रमाने, पाळीपाळीने एकेक नाव उच्चारतात. एकदा उच्चारलेले नाव यादीतून गेले. त्यामुळे आपल्याला कोण हवा एवढे ठरवून भागत नाही; आपली पाळी येईपर्यंत कोण उरेल याचाही हिशेब करावा लागतो. ही पद्धत मूळ अमेरिकेतील, तेथील त्यांच्या निराळ्या फुटबॉलची. १९३६ साली तेथे पहिला ड्राफ्ट झाला आणि सर्वांत दुबळ्या संघाला सर्वांत आधी निवडण्याचा मान मिळाला. गंमत अशी, की ज्याचे नाव त्या दिवशी प्रथम उच्चारले गेले तो जे बर्वांगर त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. भाकिते करणाऱ्यांनी ही गोष्ट उशाशी ठेवून झोपावे.

पहिल्या वर्षी आम्ही दोघेही सपशेल चुकलो, आणि तरी ती रात्र आम्हाला इतकी आवडली की पुढे तो घरचा रिवाजच झाला. २०१५च्या जुलैत ड्राफ्टबरोबर दहा खेळाडूंचा लिलावही झाला. सुनील छेत्रीला मुंबईने एक कोटी वीस लाखांना घेतले, तर युजेनसन लिंगडोहसाठी पुण्याने एक कोटी पाच लाख मोजले. त्याची मूळ किंमत होती साडेसत्तावीस लाख! लिंगडोहचे नाव मी लिहिले होते. माझ्या निवृत्तिवेतनातूनच ते पैसे गेले असावेत अशा थाटात मी तो आठवडाभर गावातून हिंडलो.

परंतु मला सांगायचे आहे ते २०१७च्या ड्राफ्टविषयी.

त्या वर्षी हिशेब अवघड झाला होता. जमशेदपूर आणि बंगळूर हे दोन संघ नव्याने आले, म्हणजे एकूण दहा संघ. आणि यादीत दोनशे पाच नावे. शिवाय नियम बदलला होता. मैदानावर एका वेळी किमान सहा भारतीय हवेत, पूर्वी पाच पुरत. एका आकड्याचा हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो, पण प्रत्येक संघाला आता एक जादा भरवशाचा भारतीय शोधणे भाग होते, आणि मोसमही अडीच महिन्यांवरून चार-पाच महिन्यांचा झाला होता. पुण्याने गोलरक्षक विशाल कैथला राखून ठेवले होते. तेव्हा गोलची चिंता नव्हती. बाकी घर मात्र बरेचसे रिकामे होते.

शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो. मी भराभर लिहून मोकळा झालो. लिंगडोह लिहिला, कारण तो आपला. लेनी रॉड्रिग्ज लिहिला; पहिल्या मोसमात तो पुण्याकडून खेळला होता, म्हणजे तोही आपलाच. मुंबईचा कीन लुईस लिहिला. मग गोव्याची तीन-चार नावे. मुलाने माझा कागद ओढून पाहिला आणि तो मोठ्याने हसला.

“बाबा, तुम्ही खेळाडू निवडत नाही. तुम्ही लग्नाच्या आमंत्रणांची यादी करता.”

मी रागावलो, पण कागदावर पुन्हा नजर फिरवली तेव्हा माझ्याच ध्यानात आले, की दहांपैकी सात आडनावे आमच्या चर्चच्या नोंदवहीत शोभली असती. मुलाची रीत अगदी उलट होती. कागदावर आधी त्याने मैदानाची आकृती काढली आणि रिकाम्या जागांना खुणा केल्या. डावा बचावपटू नाही. मधल्या फळीत दमदार माणूस नाही. मग प्रत्येक जागेपुढे दोन नावे: एक हवे असलेले, दुसरे उरण्याची शक्यता असलेले. लिंगडोहची ठरलेली किंमत एक कोटी दहा लाख होती, म्हणून त्याने त्याला सरळ वगळले. “आणि एक गोष्ट विसरू नका,” तो म्हणाला, “निवडणारा नेहमी सर्वांत चांगल्यालाच घेत नाही. ज्याला घेतल्यामुळे आपल्याला कोणी नावे ठेवणार नाही, अशाला घेतो.”

हे तो पुण्याच्या संघाविषयी बोलत होता. निदान मला तसे वाटले. तरी माझ्या हातातील पेन थांबले, कारण मला १९९९ साल आठवले.

त्या साली पुण्यात धर्मग्रामांच्या युवक संघांची सात-सात खेळाडूंची स्पर्धा होती. माळावरच्या पोरांतून दहा नावे द्यायची होती, सात खेळणारे आणि तीन राखीव. नऊ नावे सहज ठरली. दहाव्या जागेसाठी दोघे उरले, माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याच्याच वर्गातील एक मुलगा. संघ निवडणारा मी एकटा. मी दोन दिवस विचार केला असे लोकांना सांगितले. वस्तुतः पहिल्याच संध्याकाळी माझे ठरले होते. मी दुसऱ्या मुलाचे नाव लिहिले. मास्तरांनी स्वतःच्या पोराला वशिल्याने घुसवले असे कोणी म्हणू नये, म्हणून. लोकांनी माझी वाहवा केली. मिस्सेनंतर दोघांनी हात हातात घेऊन सांगितले, की निःपक्षपाती माणूस असावा तर असा. स्पर्धेच्या दिवशी मुलगा पाण्याचा कॅन घेऊन आमच्याबरोबर आला, दिवसभर रेषेबाहेर उभा राहिला आणि त्यानंतर हळूहळू माळावर यायचा बंद झाला. दहावीचा अभ्यास आहे, असे त्याची आई म्हणाली. मीही तेच कारण धरून ठेवले.

प्रेषितांच्या कृत्यांत यहूदाची रिकामी जागा भरण्याचा प्रसंग आहे. दोन माणसे पुढे केली जातात, चिठ्ठ्या टाकल्या जातात, मत्तियाची चिठ्ठी निघते आणि तो बारांत मोजला जातो. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही कथा मी कितीतरी वेळा शिकवली. दुसऱ्या माणसाचे, योसेफ बर्सबाचे, पुढे काय झाले असे एकाही मुलाने मला विचारले नाही, आणि मीही ते स्वतःला कधी विचारले नव्हते. पवित्र शास्त्रात त्याचे नाव पुन्हा येत नाही.

दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, रविवार होता. मिस्सेहून आलो आणि मुलाच्या मोबाईलवर एकेक नाव येऊ लागले. जमशेदपूरने पहिलेच नाव घेतले ते बचावपटू अनस एडाथोडिकाचे. लिंगडोह कोलकात्याला गेला. लेनी बंगळूरला गेला. माझा कागद दुपारपर्यंत फुल्यांनी भरला. कीन लुईस मात्र पुण्याने घेतला आणि मी टाळी वाजवली. आतून ठाऊक होते, की हा नेम नव्हे, आंधळ्याच्या हाती लागलेला दगड. मुलाची चार नावे बरोबर आली. पुण्याने आदिल खान याचे नाव घेतले तेव्हा मात्र आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. तो आमच्या कोणाच्याच कागदावर नव्हता. आदिल गोव्याचा. गोव्याची नावे आठवून आठवून लिहिणाऱ्या मला गोव्याचा हा मध्यरक्षक दिसला नव्हता, आणि का दिसला नव्हता हे माझ्या कागदावरच्या आडनावांकडे पाहून कोणालाही कळले असते.

नावे येतच होती. पुढच्या फेऱ्यांमधील मधले अंतर मोठे वाटू लागले. तेव्हा मी, मोबाईलकडे पाहत, म्हणालो, “नव्व्याण्णव साली दहावे नाव तुझे असायला हवे होते.”

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे?”

“तू त्याच्यापेक्षा चांगला होतास. लोक काय म्हणतील, या भीतीने मी तुला घेतले नाही.”

मला वाटले होते, हे ऐकून त्याला बरे वाटेल. अठरा वर्षे मी ते त्याच्यासाठी जपून ठेवलेले एक देणे समजत होतो. त्याने मोबाईल पालथा ठेवला आणि अगदी शांतपणे विचारले, “तेव्हाच का नाही सांगितले? मी इतकी वर्षे समजत होतो, की मी कमी पडलो. तुम्ही खरे सांगणारे, म्हणून तर तुमचा निर्णय मी मानला.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. स्वयंपाकघरातून सुनेने चहा ठेवू का असे विचारले. दोघांपैकी कोणीच हो-नाही म्हटले नाही, तेव्हा तिने तो ठेवला.

पुढे त्या मोसमात काय घडले हे फुटबॉलप्रेमी वाचकांना ठाऊक असेल. ज्या अंतोनियो हबास या प्रशिक्षकाच्या मनाचा ठाव घेण्यासाठी आम्ही शनिवारची रात्र जागवली, तो मोसम सुरू होण्यापूर्वीच निघून गेला आणि रान्को पोपोविच आला. एकाच्या कारकिर्दीत निवडलेले खेळाडू दुसऱ्याच्या पदरात पडले. तरी संघ चौथा आला, प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला, आणि मधल्या फळीत आदिल खान असा काही खेळला की आमची शरम वाढतच गेली. ७ मार्च २०१८ला बालेवाडीतील उपांत्य सामन्याला आम्ही दोघे गेलो. लोणीहून बालेवाडी म्हणजे पुण्याचे एक टोक सोडून दुसरे गाठणे. हडपसरच्या गर्दीतच अर्धा जीव जातो. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चार दिवसांनी बंगळूरला छेत्रीने तीन गोल करून पुण्याचे आव्हान संपवले.

२०१७ नंतर लीगने ड्राफ्ट भरवला नाही. संघ खेळाडूंशी थेट करार करू लागले. २०१९ साली पुण्याचा संघही बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. आमच्या याद्यांचे काम उरले नाही. ते कागद मी जुन्या हजेरीपटात ठेवले आहेत.

गेल्या पावसाळ्यात नातवाच्या शाळेत आंतरशालेय स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. पोरगा आठ दिवस अस्वस्थ होता. मुलाने त्याला जवळ बसवले, कागदावर मैदानाची आकृती काढली आणि विचारले, “तुझ्या सरांच्या जागी तू असतास, तर कोणाला घेतले असतेस? स्वतःचे नाव कुठे येते ते खरे सांग.” पोराने बराच वेळ विचार करून स्वतःला नववा क्रमांक दिला. मुलाने तो कागद माझ्यापुढे सरकवला.

“बाबा, तुम्ही त्याला माळावर रोज बघता. किती?”

मी चष्मा पुसला. मग आकडा खोडून अकरा लिहिला, आणि नातवाला त्याचे कारण सांगायला बसलो.