चिकू

मनगटाचं प्लास्टर काल निघालं. आज रे रोड स्टेशनातून दारुखान्याच्या बाजूला उतरलो. पिशवी डाव्या हातात, उजवा हात अजून परक्याचाच वाटणारा. समोर एक क्रेन गंजका पत्रा उचलत होती. तिच्या लेखी पकड म्हणजे जोर, दुसरं काही नाही.

घरी टेबलावर पडलाय तो मऊ रबरी बोटांच्या यंत्राचा पेटंट अर्ज. हवा भरली की बोटं आत वळतात, पिकलेला चिकूही न चिरडता उचलतात. पहिला परीक्षण अहवाल आलाय, उत्तराला ६ महिने. प्रश्न नेहमीचाच, आणि खरं तर रास्त: यात नवं काय? २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फुग्यात कॉफीची पूड भरली, तो वस्तूवर टेकवून आतली हवा ओढून घेतली. पूड घट्ट झाली आणि फुग्यानं वस्तू धरली. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ तर बजावतंच, की ठाऊक असलेल्या साधनांची नुसती फेरमांडणी म्हणजे शोध नव्हे.

आम्ही अर्जात लिहितो, ‘लवचीक अवयव वस्तूच्या आकाराशी जुळवून घेतो.’ किती सहज लिहितो! फिजिओथेरपीच्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला, म्हणाल्या, “हळू दाबा, काका.” हळू म्हणजे किती, हेच हाताला आठवेना.

येताना चिकू घेतले. एक मुद्दाम उजव्या हातानं उचलला. सालीवर अंगठ्याचा खळगा उमटलाय. उत्तराचं पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही.