चाकावरची झोप

घोरणाऱ्या माणसाची आपल्याकडे थट्टाच होते. ‘कसा ढाराढूर झोपलाय बघा’ म्हणून सगळे हसतात. आमच्या घरीही तेच होते. हे 20 वर्षे मालट्रक चालवतात. घरी येऊन आडवे झाले की घोरणे सुरू. पण सकाळी डोके जड, तोंड कोरडे आणि जेवताना घास हातात धरून डुलकी! सासूबाई म्हणायच्या, रात्रपाळीचा शिणवटा आहे. शेजारीपाजारी म्हणायचे, पीत असतील. हे दारूला शिवत नाहीत, हे सांगून सांगून आम्ही थकलो.

बारावीचा अभ्यास करत रात्री जागणाऱ्या आमच्या मुलीच्या एक गोष्ट लक्षात आली. घोरणे मध्येच थांबते, छाती हलते, पण श्वास येत नाही; मग गुदमरल्यासारखे होऊन मोठा श्वास येतो. आम्ही ह्यांना सरकारी दवाखान्यात नेले. रात्रभर अंगाला तारा लावून तपासणी झाली. तासाला 42 वेळा श्वास अडत होता. 30 च्या वर गेले की आजार तीव्र समजतात. ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाची वाट मिटते, मेंदू दचकून जागा होतो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. आठ तास अंथरुणात काढूनही त्याची झोप झालेली नसते.

डॉक्टरीणबाईंनी 8 प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. 1991 साली ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी तो तयार केला. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी पडल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे प्रश्न. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 10 च्या वर गेली तर डॉक्टरांना भेटावे. ह्यांची 17 झाली. शेवटचा प्रश्न मोटारीतलाच आहे: रहदारीत गाडी काही मिनिटे थांबली असता झोप लागते का? ह्यांनी खाली मान घालून ‘लागते’ म्हटले. इतकी वर्षे आम्हालाही हे सांगितले नव्हते.

मग बाई म्हणाल्या, उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही. आमच्या पोटात गोळाच आला. घर ह्यांच्या स्टिअरिंगवर चालते. पण मुलीने वहीत हिशेब मांडला. ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. 4 सेकंद डोळा लागला तर जवळजवळ 90 मीटर गाडी कोणाच्याच हातात नाही. पुढे कोणाचे लेकरू रस्ता ओलांडत असेल! ह्यापुढे कोणी काही बोलले नाही.

ड्रायव्हर मंडळींचे उपाय आम्हाला ठाऊक आहेत. तोंडावर पाणी, काच खाली, मोठ्याने गाणी, गालात तंबाखू. झोप असल्या गोष्टींना भीक घालत नाही. डोळे जड होताच गाडी बाजूला सुरक्षित जागी लावून 15-20 मिनिटे झोपणे खरे. कॉफीचा असर व्हायलाही अर्धा तास लागतो. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, हेही विसरू नये. मात्र आजार असेल तर एवढ्याने भागत नाही.

लायसन्सच्या अर्जात फिट, चक्कर, रातांधळेपणा हे विचारतात. झोपेचे नाव नाही. पण वाहन चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल असा दुसरा काही आजार आहे का, हा प्रश्न आहे. झोप त्यातच बसते, असे आमचे मत. इंग्लंडात असा आजार लायसन्स खात्याला कळवावा लागतो आणि तो आटोक्यात आल्यावर गाडी चालवू देतात. आपल्याकडे सांगणाऱ्याची नोकरी जाते, म्हणून कोण सांगेल? ह्यांच्या मालकाने आधी ‘दुसरे काम बघा’ म्हटले. क्लीनर आणि इतर ड्रायव्हर मध्ये पडले, तेव्हा गोदामात माल मोजायला ठेवले. पगार निम्मा.

उपचार म्हणजे हवेचे यंत्र. नाकावर मुखवटा लावायचा, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. भिशी उचलली, आमची बोरमाळ मोडली आणि यंत्र आणले. पहिले आठ दिवस हे मुखवटा काढून फेकत. नवव्या रात्री घर इतके शांत झाले की सासूबाई उठून श्वास चालू आहे ना बघून आल्या.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. कागदाची बेरीज 6 आली आणि बाईंनी गाडी चालवायला लेखी परवानगी दिली. आता हे दिवसपाळीच घेतात. मुक्कामी जायचे झाले तर यंत्राची पेटी बरोबर असते. त्यांच्याच अड्ड्यावरचे दोघे तो कागद मागून घेऊन गेलेत. एकाने अजून भरून दिलेला नाही.